तुम्ही स्वतःवर घेतलेला सोमवार

बाई, तुम्हाला वसईला पोचवून आले, त्यानंतरच्या सोमवारी माझी फाटकावर ड्युटी होती. मुली येत होत्या, ‘गुड मॉर्निंग मिस’ म्हणत होत्या, आणि मला कळेना की आधी त्यांच्या पायांकडे बघायचं की तोंडाकडे. तुम्ही सांगायचात, आधी तोंडाकडे बघ, मोजे कुठे पळून चाललेत? पण तोंडाकडे बघितलं की मला रडू येत होतं. म्हणून सगळा वेळ मी मोज्यांकडेच बघत राहिले.

संस्थेने शोकसभेसाठी तुमची माहिती लिहून मागितली होती. जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं. ते ऑफिसातल्या फाइलमध्ये होतं, क्लार्कने काढून दिलं. मला तुमच्याशी बोलायचंय. एक गोष्ट पाच वर्षं बोलायची राहिली आहे.

मी मुलाखतीला आले तो दिवस तुम्हाला आठवतो का? कोपरखैरण्यात तेव्हा इमारती नव्या होत्या, झाडं मुलांपेक्षा बुटकी होती आणि आपल्या शाळेच्या भिंतीला अजून रंग लागायचा होता. बी.एड.चा निकाल हातात घेऊन मी तुमच्यासमोर बसले होते, अंगावर मावशीची रेशमी साडी. तुम्ही माझे कागद बाजूला ठेवलेत आणि विचारलंत, “ही साडी कुणाची?”

मी घाबरून खरं सांगितलं, “मावशीची.”

“चांगली आहे. पण तू सारखी पदर सांभाळतेयस. वर्गात चाळीस मुलं सांभाळायची की साडी? उद्यापासून तुझी स्वतःची असेल ती नेसून ये. सुती असली तर बरं. पिन लाव. आणि बांगड्या कमी कर. मुलं लिहीत असताना बाईंच्या बांगड्या वाजल्या की सगळ्यांच्या माना वर होतात.”

म्हणजे नोकरी मिळाली हे मला असं कळलं. जाता जाता तुम्ही म्हणालात, “इथे सगळे मला मॅडम म्हणतात. तू मराठी शिकवणार ना? मग तू बाई म्हण.”

तुमचे नियम ऐकून मी घरी जाऊन हसले होते. स्कर्ट गुडघ्याखाली. मोजे गुडघ्यापर्यंत. दोन वेण्या, काळ्या रिबिनी. मेंदी नाही, नेलपॉलिश नाही, गजरा नाही. वाढदिवसाला रंगीत कपडे नाहीत. बाकीच्या इंग्रजी शाळांत वाढदिवसाची पोरं झालरीचे फ्रॉक घालून चॉकलेटं वाटत फिरायची, आणि आपल्या शाळेत वाढदिवसाची मुलगी ओळखायला तिच्या जवळ जाऊन विचारावं लागायचं. तुम्ही प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलवायचात, तिच्या डोक्यावर हात ठेवायचात, सगळी शाळा टाळ्या वाजवायची. बस.

गजऱ्यावरून गावातली एक आजी भांडायला आली होती, ते आठवून आजही हसू येतं. नाकात नथ, हातात नातीचं दप्तर. म्हणाली, “बाय, माजे नातीनी गजरा घातला त तुमची शाला बुडनार हाय का?”

तुम्ही म्हणालात, “नाही बुडणार आजी. पण तिच्या मागच्या बाकावरच्या मुलीला फळा दिसत नाही, तिला गजराच दिसतो. असं करा, येताना गजरा माझ्याकडे द्या. मी पाण्यात ठेवते. सुटताना ताजा परत देते.”

त्या दिवसापासून तुमच्या टेबलावर काचेचा ग्लास आला. श्रावणात तर त्यात सात-आठ गजरे असायचे आणि प्रिन्सिपॉलच्या खोलीला देवघराचा वास यायचा. साडेबाराला घंटा झाली की पोरी रांगेत येऊन आपापला गजरा घेऊन जायच्या. तुम्हाला प्रत्येकीचा गजरा ओळखू यायचा. एकीचा दुसरीला कधी गेला नाही.

पण आपलं भांडण जुनंच होतं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

तुम्हाला वाटायचं, वर्गात कोण कुणाचं हे दिसता कामा नये. तुर्भ्याच्या कंपनीतल्या कामगाराची पोर, गावातल्या जमीनवाल्याची पोर, इंजिनियरची पोर, सगळ्यांच्या अंगावर एकच निळा चौकडा. एकदा मी विचारलं की तुमच्या ख्रिस्ती धर्मात हे कुठे लिहिलंय का? तेव्हा तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, “आमच्याकडे पहिली दोन माणसं उघडीच होती, वंदना. लाज आली म्हणून त्यांनी कपडे घातले. शाळेत आपण कपडे घालायचे ते लाज जावी म्हणून.”

आणि मग तुम्ही तुमच्या आईचं सांगितलंत. वसईच्या वाडीत केळीच्या बागेत राबणारी तुमची आई लाल लुगडं नेसायची. तुम्ही मिशनच्या शाळेत सहावीत होता. आई एकदा डबा द्यायला आली. वर्गातल्या शहरातल्या मुली तिच्या लुगड्याकडे बघून हसल्या. सिस्टरनी तुम्हाला विचारलं, “कोण आलंय?” तुम्ही म्हणालात, “आमच्याकडे काम करणारी बाई.” आईने ते ऐकलं. डबा पायरीवर ठेवून ती गेली. घरी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

“माझ्या शाळेत कुठल्याही पोरीवर असं म्हणायची वेळ येऊ नये,” तुम्ही म्हणालात. “म्हणून मी एवढी कडक आहे. लोक मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.”

मी गप्प बसायला हवं होतं. पण मीही भांडखोर. म्हटलं, “बाई, युनिफॉर्मने मुलींचं झाकलं. पण आईचं लुगडं तर लालच राहिलं ना?”

आमच्या घरात वेगळंच होतं, तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही जालन्याकडचे. आमच्या आजोबांना गावात धुतलेले कपडे घालून चावडीसमोरून जायची सोय नव्हती. वडील रबाळ्याच्या कंपनीत लागले, दिवसभर तेलात काम. पण सुटताना अंग धुऊन, इस्त्रीचा पांढरा सदरा घालूनच गेटबाहेर पडायचे. घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. जयंतीला आम्हा भावंडांना नवे कपडे, मग बाकी वर्षभर काही मिळो न मिळो. वडील म्हणायचे, “लोकांनी आपल्याला कपडे बघूनच लांब ठेवलं. आता आपण कपडे घालूनच जवळ जायचं.”

म्हणून मी तुम्हाला म्हणाले होते, “तुम्हाला कपडे पुसायचेत. मला ते मिरवायचेत.”

तुम्ही हसलात. “मिरव की. शाळा सुटल्यावर.”

असं आपलं चालायचं. तास नसला की मी तुमच्या खोलीत यायचे, तुम्ही कुणाच्या तरी शर्टाला बटण लावत बसलेल्या असायचात आणि आपण भांडायचो. मला वाटतं, मी शिक्षिका तिथे झाले. बी.एड.च्या वर्गात नाही.

आता त्या सोमवारचं.

नसीम मुकादम तेव्हा नववीत होती. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, मूळ घर म्हसळ्याकडे. घरी कोकणी बोलायचे आणि निबंध असा लिहायची की मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती स्कर्टच्या आत पांढरी सलवार घालून यायला लागली. पहिल्या आठवड्यात मी वहीत नाव लिहिलं. दुसऱ्या आठवड्यातही लिहिलं. तुम्ही तिच्या वडिलांना चिठ्ठी पाठवली होती, ते गावाला गेले होते.

तुमची सूचना स्पष्ट होती. पहिल्या दिवशीच तुम्ही सांगितलं होतंत, “नाव लिहायचं आणि वर्गात पाठवायचं. पुढचं मी बघेन. फाटकातून कुणालाही परत पाठवायचं नाही.” ती लिहिलेली नव्हती, पण आम्हा सगळ्यांना माहीत होती. मलाही माहीत होती.

त्या सोमवारी संस्थेचे सेक्रेटरी शाळेत येणार होते. मला दोन वर्षं होत आली होती, कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. मी सहापासून फाटकावर उभी होते. साडी कडक, वही हातात. मला वाटत होतं, सेक्रेटरींच्या गाडीतून दिसणारी पहिली मुलगी सुद्धा नीटनेटकी दिसली पाहिजे. आणि नसीम आली. तीच पांढरी सलवार.

मी म्हटलं, “तिसरी वेळ. घरी जा. सलवार काढून ये.”

ती म्हणाली, “मिस, आज तुमची चाचणी आहे.”

“मग लवकर जाऊन लवकर ये.”

ती उभी राहिली. मला वाटलं, उलट बोलेल. तिने दप्तराचा पट्टा नीट केला आणि ती वळली. मी वहीत तिचं नाव सुद्धा लिहिलं नाही. पाच मिनिटांनी सेक्रेटरींची गाडी आली आणि मी हसून नमस्कार केला.

चाचणी झाली. नसीम आली नाही. माझ्या मनात आलं, घरी राहिली असेल. खरं सांगते बाई, मला थोडं बरंच वाटलं.

दुपारी दीड वाजता, गावाहून परतलेले तिचे वडील स्कूटरवरून आले. वर्गातली मैत्रीण चाचणीचा पेपर द्यायला त्यांच्या घरी गेली होती, ‘नसीम आज का नाही आली’ म्हणून विचारायला. आईने सांगितलं, ती तर सकाळीच गेली. तोपर्यंत कुणाला काही माहीत नव्हतं. मुकादमांच्या मागोमाग तिची आई रिक्षातून आली, बुरखा अर्धवट घातलेला, चपला वेगवेगळ्या.

तुम्ही फाटकाची वही मागवलीत. नाव नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हणाले, “मी तिला घरी पाठवलं.” इतक्या हळू म्हणाले की मुकादमांना ऐकू गेलं नाही. तुम्हाला गेलं.

तुम्ही पर्स उचललीत आणि त्यांना म्हणालात, “चला. स्कूटरवर मी मागे बसते. तुम्ही चालवा, मी बघते.”

ते गोंधळले. “मॅडम, तुम्ही?”

“चला हो.”

पन्नाशी उलटलेल्या, चार बोटं रुंद पदर पिनेने घट्ट लावणाऱ्या आमच्या बाई, दाढीवाल्या मुकादमांच्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसून गेल्या. सगळा स्टाफ व्हरांड्यात उभा राहून बघत होता.

मी नसीमच्या आईजवळ बसले. साडेतीन तास. मी त्यांना पाणी आणून दिलं, त्यांनी मलाच अर्धा ग्लास पाजला. म्हणाल्या, “मिस, तुम्ही तरी बसा. उभ्या उभ्या पाय दुखतील. तुमचा काय दोष?”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी ग्लास परत भरायला उठले.

दिवस मावळायच्या आत स्कूटर परत आली. मागे नसीम बसली होती, बापाच्या पाठीला डोकं टेकून. आई धावली. तुम्ही पंधरा मिनिटांनी चालत आलात, चपला चिखलाने भरलेल्या. खाडीकडच्या सेक्टरात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत ती सापडली होती. घरी गेली तर आई विचारेल, आईला सांगितलं तर आजोबा म्हणतील की शाळाच बंद करा, या भीतीने ती तिथे जाऊन बसली होती. शाळा सुटायच्या वेळेला घरी जायचं असं तिने ठरवलं होतं, पण जवळ घड्याळ नव्हतं आणि रडून रडून झोप लागली. उठली तेव्हा दुपार कलली होती आणि आता घरी काय सांगायचं तेच तिला सुचेना. तिथल्या मजूर बायकांनी तिला भाकरी दिली होती आणि एकीने तिला सोडलंच नव्हतं. तुम्ही त्या बाईचे शब्द आम्हाला सांगितलेत, “येवढी पोर एकली कशी सोडू म्हनलं. कुनीतरी येईलच हिला हुडकाया.”

ती माझ्याच मुलखाकडची असणार, बोलण्यावरून. तिने जे केलं ते मला करता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम दाखला मागायला आले. सोबत नसीम. सेक्रेटरीही तुमच्या खोलीत होते, काल घडलेलं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी मस्टर घेऊन आले होते आणि दाराशी अडकले.

सेक्रेटरींनी विचारलं, “फाटकावर काल कोण होतं?”

“फाटकावर कोणीही असू दे,” तुम्ही म्हणालात. “परत पाठवायला मी सांगितलं होतं.”

“तुम्ही?”

“नियम माझा आहे. मी.”

सेक्रेटरी नसीमकडे वळले. “बाळ, तुला परत जायला कोणी सांगितलं?”

नसीमने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग तुमच्याकडे. मग खाली बघून म्हणाली, “शाळेने.”

मस्टर माझ्या हातात होतं. मी ते टेबलावर ठेवलं आणि तासाला निघून गेले. बाई, मी निघून गेले.

त्यानंतरच्या प्रार्थनेला तुम्ही जे केलंत ते मी दुसऱ्या कुठल्याही शाळेत पाहिलेलं नाही. प्रार्थना झाली, तुम्ही माइक घेतलात, नसीमला पुढे बोलावलंत. आम्हाला वाटलं, तिला समज देणार. तुम्ही म्हणालात, “सोमवारी या शाळेने नसीमला फाटकातून परत पाठवलं. तिने कपडे घातले होते. स्वच्छ होते. अभ्यास केला होता. तिची चाचणी होती. तरी तिला परत पाठवलं. शाळा मुलांना आत घ्यायला असते. चूक माझी आहे. नसीम, मी तुझी माफी मागते.” आणि सातशे मुलांसमोर तुम्ही हात जोडलेत.

नसीम रडायला लागली. तिच्यापाठोपाठ सगळी नववी रडायला लागली. फाटकाबाहेर मुकादम उभे होते. आत आले आणि म्हणाले, “मॅडम, दाखला राहू द्या.”

पुढच्या आठवड्यात तुम्ही आठवीपासूनच्या मुलींना हॉलमध्ये बसवलंत आणि कागद वाटलेत. स्कर्ट हवा की सलवार-कमीज हवी, लिहा. नाव लिहू नका. नसीमसाठीच हे चाललंय असं सगळ्यांना वाटत होतं. पण निम्म्याहून जास्त मुलींनी सलवार-कमीज लिहिलं होतं, सगळ्या जातीधर्माच्या. एकीने लिहिलं होतं, ‘स्कर्टमध्ये मला बाकावर पाय वर घेऊन बसता येत नाही.’ एकीने लिहिलं होतं, ‘रस्त्यात पोरं बघतात.’ ते वाचून तुम्ही चष्मा काढलात. मला म्हणालात, “लाज जावी म्हणून घातलेल्या कपड्यात पोरींना लाज वाटत होती, आणि मी कधी विचारलं नाही.”

मग कापड तेच राहिलं, निळा चौकडा, आणि ज्या मुलीला जे हवं ते शिवून घ्यायचं ठरलं. काही पालक भडकले. एक जण म्हणाले, “आज सलवार, उद्या आणखी काय मागतील?” तुम्ही म्हणालात, “उद्याचं उद्या बघू. आज मुलगी वर्गात आहे.” आणि नियमांच्या पुस्तकात पहिल्या पानावर तुम्ही तुमच्या हाताने लिहिलंत की कपड्यांसाठी कुणालाही परत पाठवायचं नाही. आधी ते तोंडी होतं. मी मोडलं म्हणून ते कागदावर आलं.

संस्थेला माफी आवडली नाही. चार भिंतींत मिटलं असतं ते चारशे घरांत गेलं, असं सेक्रेटरी म्हणाले. वर्षाच्या शेवटी तुम्हाला पत्र आलं. प्रिन्सिपॉल दुसरे येतील, तुम्ही गणित शिकवा. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर राजीनामा दिला असता. तुम्ही जूनमध्ये आमच्यासारख्या रांगेत उभ्या राहून मस्टरवर सही केलीत आणि सातवी ‘ब’चे अपूर्णांक घेतलेत. नव्या साहेबांनी शिक्षिकांना ड्रेस घालायची मुभा दिली, तेव्हा तुम्ही मला म्हणालात, “घाल की. तुला मिरवायचं होतं ना?” तुमच्या आवाजात राग शोधत बसले मी. सापडला नाही.

मला मात्र कायम केल्याचं पत्र मिळालं. खाली सही तुमची. प्रिन्सिपॉल म्हणून तुम्ही केलेल्या शेवटच्या सह्यांपैकी ती एक.

या पाच वर्षांत किती वेळा ओठांवर आलं. तुम्ही शेजारी बसून डबा खायचात तेव्हा, वार्षिक स्नेहसंमेलनात, तुमच्या आजाराचं कळलं तेव्हा. दर वेळी मी काहीतरी दुसरंच बोलायचे. शेवटी गेल्या महिन्यात वसईला आले. तुम्ही खाटेवर होतात, हात काडीसारखे झालेले. मी म्हटलं, “बाई, त्या सोमवारी…”

तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. म्हणालात, “अजून फाटकावरच उभी आहेस? घंटा कधीच झाली, वंदना. वर्गात जा.” आणि डोळे मिटून हसलात. थोड्या वेळाने परत डोळे उघडून म्हणालात, “तरी पण युनिफॉर्म हवाच, बरं का.”

मी म्हटलं, “तो आपण नंतर बघू.”

ते नंतर आता येणार नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण फार नाही. तुमच्याशी भांडण उरलंय म्हणजे तुम्हीही थोड्या उरलायत, असं मी मनाला सांगते.

तुम्हाला पोचवायला वसईला नसीमही आली होती. आता वाशीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. डोक्यावर ओढणी, हातात पांढरी फुलं, बरोबर मुकादम. ते चर्चच्या पायरीवर उभे राहून रुमालाने डोळे पुसत होते. मी नसीमला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “नसीम, मला तुला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी बाईंनी नाही…”

“मिस,” ती म्हणाली, “मला काय सांगता? मी होते ना तिथे.”

“मग तू का नाही सांगितलंस? सेक्रेटरींनी विचारलं होतं.”

तिने हातातली फुलं सावरली. “सांगणार होते. खूप राग होता तुमचा. पण मॅडम ‘मी’ म्हणाल्या. मला माहीत होतं की त्या खोटं बोलतायत, आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मोठं माणूस माझ्यासमोर आपल्या अंगावर घेत होतं. मग मी कशी त्यांना खोटं पाडणार?” मग म्हणाली, “घरी जाऊन अब्बांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं. अब्बा म्हणाले, मग ती मॅडम मोठी आहे, आपण दाखला नाही काढायचा.”

म्हणजे बाई, मुकादमांना पाच वर्षं माहीत होतं. दर पालकसभेला ते मला नमस्कार करत होते.

आज सकाळी शोकसभा झाली. सेक्रेटरी आले होते. तुमचं शिक्षण, तुमची वर्षं, सगळं वाचून झालं. मग माझं नाव पुकारलं. मी लिहून आणलेला कागद घडी करून ठेवला आणि सांगितलं. फाटकावर मी होते. नसीमला मी पाठवलं. बाईंनी पाठवू नका असं सांगितलं होतं, तरी पाठवलं. बाईंनी ते स्वतःवर घेतलं, आणि त्याची किंमत त्यांनी भरली, मी नाही.

खाली उतरल्यावर सेक्रेटरी म्हणाले, “आता हे सांगायची काय गरज होती, वंदना मिस?” मी म्हटलं, “तेव्हा होती, साहेब. उशीर झाला.” माझं काय करायचं ते संस्था ठरवेल. गेल्या पाच वर्षांत एवढा श्वास मोकळा झाला नव्हता.

वर्ग सुटल्यावर पाचवीतली एक मुलगी माझ्या मागे मागे आली. तिने तुम्हाला फक्त आजारी असलेलंच पाहिलंय. म्हणाली, “मिस, मग त्या बाईंनी तुम्हाला शिक्षा नाही केली?”

“नाही.”

“काहीच नाही केलं?”

मी विचार केला. मग तिला सांगितलं, जे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. माफी मागितली त्याच दिवशी तिसऱ्या तासाला तुम्ही माझ्या वर्गात आलात. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील. तुम्ही मागच्या बाकावर, नसीमच्या शेजारी जाऊन बसलात. मी तिची राहिलेली चाचणी घेतली. ती लिहीत होती आणि तुम्ही हाताची घडी घालून, विद्यार्थिनीसारख्या, माझ्याकडे बघत बसला होतात. घंटा झाली तेव्हा उठलात, जाता जाता माझ्या टेबलाशी थांबलात आणि म्हणालात, “तू चांगली शिकवतेस. शिकवत राहा.”